घरात माणसं किती?

त्या वाडीत मी सहा वर्षं नोकरी केली. सहा वर्षांत सरकारने मला एकदाच मोजलं, आणि तेही माझ्याच हातांनी. पूर्वी ही गोष्ट मी मोठ्या ऐटीत सांगत असे आणि लोक हसत. आता सांगावीशी वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी घाटावरची. वडील गेल्यावर भावाच्या घरी राहत होते. ट्रेनिंग झालं आणि नेमणूक आली ती थेट मालवण तालुक्यातल्या, समुद्रकाठच्या एका वाडीतल्या एकशिक्षकी शाळेवर. तेव्हा तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. एकट्या मुलीला एवढ्या लांब कोण पाठवतं, असं शेजारणी म्हणाल्या. घरातलं कुणी म्हणालं नाही. मी एस.टी.त बसले त्याच आठवड्यात वहिनीने भावाला दुकानात पाठवून रेशनकार्डावरचं माझं नाव कमी करून घेतलं. नियमच होता तसा, तिचं काही चुकलं नाही. पण नाव कमी केल्याचा दाखला पोस्टाने आला, त्याच्यासोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नव्हती. तो दाखला मी ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि पुन्हा कुठल्याच कार्डावर नाव घालायला गेले नाही. एकट्या बाईला साखर लागते किती? रागच तो, दुसरं काय.

मला कुणाच्या तरी घरातलं व्हायचं होतं. तेव्हा कुणी तसं विचारलं असतं तर मी फाडकन नाही म्हटलं असतं, पण खरं ते हेच.

वाडी म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. माड, सुरूची झाडं, मातीच्या भिंतींची घरं. सरकारी कागदावर या वाडीला अस्तित्व नव्हतं. खाडीपलीकडे मोठा गाव होता, वाडी त्याच गावात धरलेली. ग्रामपंचायत पलीकडे, पोस्ट पलीकडे, रेशनचं दुकान पलीकडे, मतदान पलीकडे. वाडीत मूल जन्मलं की त्याची नोंद करायला होडीतून जावं लागे. पावसात खाडी अशी काही भरून वाहायची की होडी चालवणारा तारी ती ओढून वर ठेवायचा, आणि ज्येष्ठात जन्मलेलं मूल कागदावर श्रावणात जन्माला यायचं. शाळेत दाखल करताना पोरांच्या जन्मतारखा बघून मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर नाही आलं.

मी राहायला होते एका म्हातारीच्या पडवीत. पडवीला कुडाची भिंत घालून तिने खोली काढून दिली होती. म्हातारीचा नवरा कधीच वारला होता, आणि एकुलता एक मुलगा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आला नव्हता. हे मला वाडीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हातारीने स्वतः कधी विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. ती नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची, मग बडवून काथ्या काढायची आणि दिवसभर ओटीवर बसून सुंभ वळायची. बोलायची कमी.

पहिल्या दिवशी तिने माझ्यापुढे बांगड्याचं तिखलं आणून ठेवलं. मी नाक मुरडलं. "मी मासे खात नाही, माझं मी करून घेईन," असं सांगितलं, आणि तेही शाळेत पोरांना सांगावं तशा आवाजात. तिने वाटी उचलली. दुसऱ्या दिवसापासून मी माझा स्टोव्ह पेटवला. सकाळी उठले की न्हाणीत माझ्यासाठी कढत पाण्याचं भाण तयार असे. पावसात माझी लुगडी तिच्या चुलीवरच्या दोरीवर वाळत असत. पाणी, चुलीची ऊब, हे सगळं भाड्यात धरलेलं आहे असं मी समजत होते. कुणी सांगितलं होतं मला तसं? कुणीच नाही.

संध्याकाळी मुलं घरी गेली की माझ्याशी बोलायला कुणी नसे. बायका विहिरीवर भेटत, "बाई, बरी मा?" म्हणत आणि पुढे जात. मी मास्तरीण, मी घाटावरची, माझी भाषा पुस्तकी. मी किनाऱ्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायची आणि परत यायची. पायांचे ठसे बघत यायची, माझेच. कधीकधी आठवडा जायचा आणि माझ्या लक्षात यायचं की वर्गाबाहेर आपण दहा वाक्यंसुद्धा बोललेलो नाही. फार एकटी होते मी तिथे, आणि त्याचा मला राग यायचा, आणि तो राग मी सगळ्यांवर काढायची.

मग एकसष्ट सालची शिरगणती आली. ते काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात. आधी दारांवर गेरूने नंबर घालून झाले होते. मालवणला शिकवणी झाली, तक्ते मिळाले, आणि आमच्या अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी पक्क्या डोक्यात घातल्या: जो माणूस राहतो तिथेच तो मोजायचा, एक माणूस दोनदा मोजायचा नाही, आणि ज्याची चूल वेगळी त्याचं कुटुंब वेगळं. मला तर हे फारच पटलं. नियम म्हटला की मी खूश.

मी परत आले तर गावकार माझी वाट बघत शाळेच्या पायरीवर बसलेले. गावकार म्हणजे वाडीचे मानकरी, देवळातला पहिला नारळ त्यांचा. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते, आता पांढऱ्या मिशा आणि हातात पंचा. त्यांनी तीन वर्षं मालवणच्या कचेरीत खेपा घातल्या होत्या. आमची वाडी वेगळा गाव करा, आम्हाला आमची पंचायत द्या, एवढंच मागणं. त्यांना उत्तर मिळालं होतं की शिरगणती होऊ द्या, तुमची माणसं किती भरतात ते बघू.

"बाई, माणसां नीट मोजा हां," ते म्हणाले. "एक पण सुटाक नको."

"मी एकही सोडणार नाही," मी म्हटलं, "आणि एकही वाढवणार नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, मी त्यांच्याच बाजूने बोलतेय.

पहिल्याच घरात मला कळलं की हे काम सोपं नाही. "घरात माणसं किती?" मी विचारलं. घरातली सून म्हणाली, "सात." मला दिसत होती चार. बाकीची तीन? एक दीर मुंबईला, एक नवरा मुंबईला, सासरा जहाजावर. मी समजावून सांगितलं की जी इथे राहतात तेवढीच सांगा. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मगे ती खंयची?" म्हणाली.

घरोघर हेच. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, हे मला आज कळतं. घरातली माणसं मोजायला सांगितली की त्या आधी मुंबईच्या माणसापासूनच मोजायला लागत, कारण घर त्याच्या मनिऑर्डरीवर चालायचं, गणपती त्याच्या नावाचा, भांडण झालं तर धाक त्याचा. तो नाही म्हणजे काय? एका घरातल्या बाईच्या नवऱ्याचं नाव लिहून घ्यायला मी नकार दिला तेव्हा ती माझा हात धरून मला माजघरात घेऊन गेली.

"हो बघा तेचो शर्ट," म्हणाली. "खुंटयेर आसा."

शर्ट खरंच होता. धुऊन, घडीच्या रेषा पडलेला. वर्षातून एकदा अंगात घातला जाणारा. मी म्हटलं, "शर्टाला मोजता येत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पुढच्या घरी गेले. काय बाई होते मी!

शेवटचं घर आमचं. संध्याकाळ होत आली होती, वाळूतून चालून पाय दुखत होते, दिवसभर त्याच त्याच वादाने डोकं उठलं होतं. म्हातारी ओटीवर सुंभ वळत बसली होती. मी तिच्यासमोर बसकण मारली, तक्ता मांडीवर घेतला.

"आजी, घरात माणसं किती?"

"दोन," ती म्हणाली.

माझं माथंच भडकलं. सगळी वाडी एकीकडे, पण हिने तरी? इतक्या वर्षांत ज्याचं पत्र नाही, त्याला ही अजून घरात धरून बसलेली. मी म्हटलं, "आजी, जो इथे नाही त्याला मी लिहिणार नाही. एकच."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरा तर. तू शिकलेली. लिही काय ता." आणि पुन्हा सुंभ वळू लागली.

मी लिहिलं: एक. मग त्याच दाराच्या नंबराखाली दुसरं कुटुंब लिहिलं, कारण माझी चूल वेगळी होती. कुटुंबप्रमुख मी. प्रमुखाशी नातं, स्वतः. जन्म दुसऱ्या जिल्ह्यात. लग्न झालेलं नाही. एकूण माणसं, एक.  तक्ता अगदी नियमाबरहुकूम झाला होता आणि मला त्याचा अभिमान वाटला.

शेवटी फेरतपासणी होती, सगळ्या घरांतून पुन्हा एकदा फिरायचं. नेमका तेव्हाच शिमगा आला. मुंबईची बोट मालवणला लागली आणि चाकरमानी उतरले. ज्यांना मी गाळलं होतं ते सगळे ट्रंका डोक्यावर घेऊन वाळूतून चालत वाडीत आले. शर्टवाली बाई तर नवऱ्याला घेऊन शाळेतच आली. "हो बघा," म्हणाली, "आता मोजा." नवरा बिचारा ओशाळून उभा.

मी त्याला विचारलं, "मुंबईला तुमच्या खोलीवर कुणी येऊन तुम्हाला लिहून नेलं का?" तो म्हणाला, "व्हय." मी वही मिटली.

मग गावकार आले. पंचा खांद्यावर टाकून उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "बाई, मुंबयक आमका कोण विचारता? थंय आमी एका खोलयेत वीस जण. थंयच्या आकड्यात आमी असलो काय, नसलो काय. हंय आमी धरलो तर गाव होतलो."

"पण तो राहतो तिथे," मी म्हटलं.

"तो रवता थंय," गावकार सावकाश म्हणाले, "पण आसा हंयचो."

"माणूस कुठला ते सरकारला नको आहे. कुठे राहतो ते हवंय," मी म्हटलं.

ते पंचा झटकून निघून गेले. त्या वर्षी शिमग्याचं रोंबाट नाचत गात घरोघर फिरलं, आमच्याही अंगणात आलं. म्हातारीने त्यांच्या ताटात नारळ घातला. दर वर्षी कुणीतरी "बाई, भायर येवा," म्हणून हाक मारायचं. या वर्षी कुणी मारली नाही. मी कुडाच्या फटीतून ढोल बघत राहिले.

काही महिन्यांनी कचेरीतून उत्तर आलं की माणसं पुरेशी भरत नाहीत, वाडी मोठ्या गावातच राहील. गावकारांनी तो कागद मलाच वाचून दाखवायला लावला, कारण इंग्रजी शिक्का होता. मी वाचला. ते "बरा" म्हणाले. कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला.

मला कुणी वाईट बोललं नाही. पोरं शाळेत येत राहिली, वेळेवर, नाक पुसून. पण विहिरीवर मी आले की बोलणं थांबायचं. होडीत मी बसले की दोघीतिघी पुढच्या खेपेला येतो म्हणायच्या आणि तारी मला एकटीलाच घेऊन निघायचा. रिकाम्या होडीत मधोमध बसून खाडी ओलांडणं काय असतं ते मला विचारा. दोन-अडीच वर्षं अशी गेली. मी बदलीचा अर्ज केला. घरात म्हातारी तशीच होती. भाण तापत होतं, लुगडी वाळत होती. फक्त ती माझ्याकडे पूर्वीसारखी बघत नव्हती असं मला वाटे, आणि त्याचं कारण तिचा मुलगा, असं मी धरून चालले होते.

मग धान्याची टंचाई आली. नवी रेशनकार्डं काढायचं ठरलं. तालुक्याचा एक कारकून या खेपेला होडीतून स्वतः वाडीत आला, शाळेतच टेबल मांडून बसला आणि लिहायला मदत म्हणून मला शेजारी बसवलं. बायका रांगेने येत होत्या. या वेळी सगळ्या नेमकं सांगत होत्या. मुंबईच्या माणसांची नावं कुणी घेत नव्हतं. शर्टवाली बाईसुद्धा, मान खाली घालून, "तीन," म्हणाली. मीच शिकवलं होतं ना! मला ते ऐकवेना.

म्हातारी आली. लुगड्याला काथ्याचे तुसे चिकटलेले.

"घरात माणसं किती?" कारकुनाने विचारलं.

"दोन."

 मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "आजी, अहो, मुलाचं नाव इथे चालणार नाही."

ती माझ्याकडे वळली. "झिलाचा नाव कोण घेता?" म्हणाली. "तेचा क्रियाकर्म करून मी मोकळी झालंय, तू येवच्या आदीच. मेलेल्याक कोण मोजता गो?"

"मग त्या दिवशी दोन म्हणालात ते?"

"तू आणि मी," ती म्हणाली. "हयसर आणि कोण आसा?"

कारकून टाक हातात धरून बसला होता. म्हातारीने त्याला स्वतःचं नाव सांगितलं आणि मग मला म्हणाली, "तुझा पुरा नाव माका येणा नाय. तूच सांग."

तीन वर्षं. तीन वर्षं मी समजत होते की मी त्या म्हातारीच्या मुलाला कापलं. तिने मला घरातलं म्हणून सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं, आणि मी तिच्याच ओटीवर बसून स्वतःला खोडून टाकलं होतं. वर तिला ऐकवलं होतं की जो इथे नाही त्याला मी लिहिणार नाही. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते.

"बाई, तुमची चूल वेगळी ना?" कारकुनाने विचारलं. त्यालाही नियम ठाऊक होता.

"नाही," मी म्हटलं. "एकच आहे."

उभ्या आयुष्यात मी सरकारी माणसापुढे बोललेलं ते पहिलं खोटं. त्याने पुन्हा विचारलं, नातं काय लिहू?  म्हातारी म्हणाली, "नातां कसला? घरातली, लिही." त्याने काहीतरी लिहिलं. ट्रंकेच्या तळाचा तो जुना दाखला मी धावत जाऊन घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवला. दाखला घेऊन येताना शाळेच्या दारात गावकार उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. बाजूला होऊन त्यांनी मला वाट दिली.

त्या संध्याकाळी मी स्टोव्हमधलं रॉकेल काढून बाटलीत भरलं आणि स्टोव्ह माळ्यावर टाकला. खोटं फार वेळ खोटं ठेवायचं नव्हतं मला. स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हातारीने काही न विचारता पेज वाढली, कुळथाची पिठी वाढली आणि तव्यावरचा बांगडा आपल्या ताटात घेतला. "माका थोडो..." मी म्हटलं आणि अडखळले. मालवणी बोलायची माझी ती पहिलीच वेळ, आणि ती हसली. काट्याशी माझी फार झटापट झाली.

असे पाच महिने मिळाले. मग मीच केलेल्या अर्जावरून बदलीचा हुकूम आला, घाटावर. रद्द करून घ्यायला धडपडले, कुणी ऐकलं नाही. निघायच्या दिवशी म्हातारीने रेशनकार्ड माझ्यापुढे धरलं. नव्या गावी कार्ड मिळायला इथलं नाव कमी करावं लागतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी कार्ड तिच्या हातात परत दिलं. "रवतलंय थंय," मी म्हटलं, "पण आसंय हंयची."

होडीपर्यंत सोडायला गावकार आले होते. त्यांनी मिशीत हसून मान हलवली आणि माझी ट्रंक स्वतः होडीत ठेवली.

नव्या गावच्या दुकानदाराने मला कितीदा तरी सांगितलं, बाई, जुन्या गावचा दाखला आणा, कार्ड देतो. मी म्हणायची, आणते. आणला नाही. महाग पडलं तरी बाजारातून घेऊन खाल्लं. एक माणूस दोन ठिकाणी लिहायचा नाही हा नियम मी मोडला नाही, एवढं मात्र खरं.

चार वर्षांनी गावकारांचं पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, शुद्ध मराठीत: म्हातारी आषाढात गेली, खाडी भरलेली असल्यामुळे कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. घराला कुलूप लावले आहे. रेशनकार्डावर आता एक माणूस आहे, ते नाव कमी केलेले नाही, कार्ड माझ्याकडे ठेवले आहे.